जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा टर्बो अडखळतो : टर्बो बदलण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, पुण्यात वापरात असलेली, सुमारे एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या आसपास एक्सलेटर दाबला की गाडी सेकंदभर दम खाते आणि मग एकदम हिसका देऊन सुटते. गाडी उभी असताना आरपीएमचा काटा किंचित वरखाली होतो. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकूनही फरक पडलेला नाही. स्कॅनरवर पी११३६ हा कोड दिसतो, आणि गॅरेजमध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) निकामी झाला असे सांगून तो बदलण्याचा अंदाजपत्रकी खर्च आपल्या हाती दिला आहे. टर्बो बदलावा का, असे आपण विचारले आहे.

आज तरी बदलू नये. हे मी आपल्या समाधानासाठी म्हणत नाही; आपण दिलेल्या माहितीतच त्याचे कारण आहे. पी११३६ हा कोड इंजिन आयडलवर (एक्सलेटर न दाबता चालू) असताना पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि ते भरून काढण्यासाठी ईसीयूने (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाने) केलेली दुरुस्ती आता तिच्या मर्यादेपलीकडे गेली आहे, एवढेच सांगतो. आयडलवर टर्बोकडून दाब तयार होत नसतो, तो नुसता फिरत असतो. म्हणजे जो भाग त्या वेळी कामावरच नाही, त्याच्यावर हा कोड ठेवता येत नाही. आयडलवर न मोजलेली हवा इंजिनात शिरते आहे, आणि ज्या वाटेने ती शिरते त्याच वाटेने, दाब वाढल्यावर, मोजलेली हवा बाहेर निसटत असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्या दोन्ही तक्रारी, आयडलचा हलणारा काटा आणि अडीच हजारावरचा अडखळा, एकाच फाटलेल्या रबराच्या होजमधून निघालेल्या असू शकतात.

पुढे जाण्याआधी एक फरक स्पष्ट करतो, कारण तो न कळल्यामुळे चांगल्या गाड्या विनाकारण उघडल्या जातात. टर्बो लॅग हा दोष नव्हे. दीड हजार आरपीएमवर चौथ्या गिअरमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबला, तर टर्बोचे पंखे वेग घेईपर्यंत गाडी शांतच राहणार. नंतरचा जोर हळूहळू पण सलग चढत जातो. अडखळणे निराळे असते. त्यात जोर यायला सुरुवात झालेली असते, मध्येच तो पडतो किंवा थांबतो, आणि पुन्हा येतो तेव्हा धक्क्याने येतो. आपण वर्णन केलेले लक्षण दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यातही दोन जाती आहेत, आणि चालवणाऱ्याच्या पाठीला त्या वेगळ्या जाणवतात. हवा किंवा पेट्रोल चुकत असेल, तर गाडी मऊपणे बसते, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. स्पार्क चुकत असेल, तर ठसके लागतात. तीक्ष्ण, तुटक आणि एकामागोमाग एक. ‘दम खाते’ हा आपला शब्द पहिल्या जातीकडे बोट दाखवतो.

या इंजिनाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले हे टर्बो इंजिन फोक्सवागन समूहाने ऑडी ए४, ऑडी टीटी, पसाट, गोल्फ, सिआट लिऑन अशा अनेक गाड्यांमध्ये वापरले. आपल्याकडे ते १५० अश्वशक्तीच्या रूपात २००४ पासून ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आले. शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या ऑक्टाव्हिया तेव्हा बहुतेक डिझेलच्या असत, त्यामुळे डिझेलची सवय असलेल्या अनेक हातांनी पुढे या पेट्रोल टर्बोचीही दुरुस्ती केली. डिझेलमध्ये हवेची थोडी गळती झाली तर धूर वाढतो आणि ताकद कमी होते, पण गाडी चालत राहते. पेट्रोलचे हे इंजिन हवेच्या हिशेबावर चालते. हिशेब बिघडला की ते लगेच अडखळते.

तो हिशेब असा असतो. एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच मॅफ सेन्सर बसवलेला असतो. त्याच्यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते तो ईसीयूला कळवतो, आणि ईसीयू तेवढ्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो. मॅफच्या पुढे हवा रबरी नळीतून इंजिनाच्या मागच्या बाजूला असलेल्या टर्बोत जाते, तिथून दाबली जाऊन उजव्या पुढच्या चाकाच्या जवळ बसवलेल्या इंटरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) फिरते, आणि थ्रॉटल बॉडीतून (एक्सलेटरने उघडणाऱ्या झडपेतून) समोरच्या, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये येते. या प्रवासात एकदा मोजलेली हवा कुठेही निसटता कामा नये, आणि न मोजलेली हवा कुठूनही आत येता कामा नये. टर्बो ते थ्रॉटल या टप्प्यात भोक असेल, तर दाब आल्यावर मोजलेली हवा बाहेर जाते. ईसीयू मात्र ती इंजिनात पोहोचली असे धरून पेट्रोल सोडतो, मिश्रण घट्ट होते (पेट्रोल जास्त), गाडी गुदमरते आणि मागून काळसर धूर दिसतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला भोक असेल, तर आयडलवर तिथे निर्वात असल्यामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते (पेट्रोल कमी). दाब आल्यावर तेच भोक उलट्या दिशेने गळू लागते. आपल्या गाडीत हा दुसरा प्रकार असावा असे मला वाटते. पण मला वाटणे पुरेसे नाही, ते मोजून पाहावे लागते.

मोजण्यासाठी फोक्सवागन समूहाच्या गाड्यांचे मेझरिंग ब्लॉक (ईसीयूतले चालू आकडे, क्रमांकाच्या ग्रुपमध्ये मांडलेले) वाचू शकणारा स्कॅनर हवा. नुसते कोड दाखवणारा स्वस्त स्कॅनर इथे उपयोगी पडत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलवर ग्रुप ०३२ उघडा. त्यातला पहिला आकडा आयडलवरची दुरुस्ती दाखवतो, दुसरा चालत्या गाडीतील मध्यम भारावरची. पहिला आकडा अधिकच्या बाजूला चार-पाच टक्क्यांहून वर असेल आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर मॅनिफोल्डच्या बाजूला निर्वाताची गळती आहे असे समजून शोध सुरू करावा. पहिला ठीक आणि दुसरा अधिक असेल, तर मॅफ कमी मोजतो आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. दुसरा आकडा उणे असून दाबही कमी पडत असेल, तर टर्बोच्या पुढच्या नळ्यांत गळती.

इथे एक गोष्ट गेल्या काही वर्षांत बदललेली आहे, आणि ती लक्षात न घेतल्यास चांगल्या गाडीलाही आजारी ठरवले जाते. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. २००५ च्या ईसीयूला इथेनॉल ओळखता येत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरवरून त्याला एवढेच कळते की मिश्रण पातळ आहे, आणि तो दुसरा आकडा अधिक आठ-नऊवर नेऊन ठेवतो. त्यामुळे आजच्या पेट्रोलवर ग्रुप ०३२ मधला दुसरा आकडा अधिक आठ दिसला, तर मी त्याला दोष मानत नाही. पहिला आकडा मात्र इथेनॉलने फारसा हलत नाही, कारण ती दुरुस्ती आयडलपुरती बेरजेची असते आणि इंधनाच्या प्रमाणातला फरक मुख्यतः दुसऱ्या, गुणाकाराच्या दुरुस्तीत जमा होतो. म्हणून आपल्या कोडचे खापर पेट्रोलवर फोडता येत नाही.

त्यानंतर ग्रुप ११५ आणि ग्रुप ००३ यांची नोंद चालत्या गाडीत घ्यायची. ११५ मध्ये ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतात. हे आकडे निरपेक्ष दाबाचे, मिलिबारमध्ये असतात, म्हणून इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवल्यावर दिसणारा आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा. मुंबईत तो १०१० च्या आसपास असतो, पुण्यात सुमारे ९५०, आणि महाबळेश्वरला गेलात तर ८६०-८७० पर्यंत खाली येतो. टर्बोने दिलेला दाब म्हणजे धावताना दिसणारा आकडा वजा हा आकडा. पुण्याच्या गाडीचा १४५० हा आकडा मुंबईच्या गाडीच्या १५१० शेजारी ठेवून ‘दाब कमी पडतो’ असे म्हणणे चूक आहे, कारण दोन्ही ठिकाणी टर्बोने अर्धा बारच दिलेला आहे. मूळ स्थितीतल्या या इंजिनात साधारण अर्ध्या बारच्या आसपास, सुरुवातीला क्षणभर त्याहून थोडा अधिक, एवढाच दाब असतो.

नोंद घेताना लॅपटॉप शेजारच्या माणसाच्या मांडीवर असावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये. पहाटेचा रिकामा, सरळ, हलक्या चढाचा रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवरून एक्सलेटर पूर्ण दाबून ४००० पर्यंत न्या. तेवढ्यात वेग ताशी नव्वदच्या आसपास राहतो आणि आपला अडखळा याच पट्ट्यात येतो. चढामुळे इंजिनावर भार येतो आणि वेग वाढायला वेळ लागतो, म्हणून नोंदीत अधिक ओळी मिळतात. अडखळा आला त्या क्षणाच्या ओळी शोधा. मागितलेला दाब चढतो आहे आणि मिळालेला मागे राहतो आहे, असे दिसले तर गळती, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (त्याचे काम पुढे सांगतो), वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारे दार) किंवा सर्वांत शेवटी टर्बो. मिळालेला दाब मागितलेल्याच्या वर उसळून पुन्हा खाली येतो आहे, तर दाब नियंत्रित करणारा एन७५ व्हॉल्व्ह किंवा अडकणारे वेस्टगेट. आणि दोन्ही आकडे हातात हात घालून चालले आहेत, तरी गाडी अडखळते आहे, तर टर्बोचा विषय तिथेच संपतो. स्पार्क, पेट्रोल आणि मॅफ यांच्याकडे वळायचे. टर्बो बदलायला सांगणाऱ्याला ही एक नोंद दाखवायला सांगा. ती नसेल, तर निदान झालेले नाही.

मॅफची परीक्षा वेगळी घ्यावी. तापलेल्या इंजिनाच्या आयडलवर ग्रुप ००३ मध्ये सेकंदाला दोन ते चार ग्रॅम दिसावेत. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटरवर ६००० आरपीएमच्या जवळ सर्वांत मोठा आकडा मिळतो, आणि अश्वशक्तीला ०.८ ने गुणून जे उत्तर येते त्याच्या जवळ तो असावा. १५० अश्वशक्तीला सुमारे १२०. नव्वद-पंच्याण्णवच्या पुढे आकडा जातच नसेल आणि गळतीही सापडत नसेल, तर मॅफ थकला आहे. तेल लावलेले सुती एअर फिल्टर बसवणाऱ्यांच्या गाड्यांत मला हे वारंवार दिसले आहे, कारण फिल्टरवरचे जास्तीचे तेल मॅफच्या तापत्या पातळ पट्टीवर जाऊन बसते आणि धूळ धरते. मॅफचा प्लग काढून गाडी चालवून पाहणे ही जुनी युक्ती आहे आणि ती प्राथमिक अंदाजासाठी ठीक आहे: प्लग काढल्यावर ईसीयू साठवलेल्या अंदाजी आकड्यांवर चालतो, आणि तसे केल्यावर गाडी सुधारली तर मॅफचा संशय बळावतो. मात्र तेवढ्यावर नवा मॅफ विकत घेऊ नये. आधी मॅफसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तो धुवावा, पट्टीला बोट किंवा कापूस लावू नये, पूर्ण सुकल्यावर पुन्हा मोजावे.

आता गळती शोधण्याकडे येतो. हे काम हाताचे आहे, त्यात वेळ जातो, आणि बहुतेक गाड्यांचा आजार इथेच सापडतो. पहिली तपासणी अगदी साधी आहे. गाडी आयडलवर ठेवून इंजिन ऑइल भरायचे झाकण उघडा. इंजिन लगेच डळमळले पाहिजे, कारण आपण मुद्दाम एक मोठी गळती निर्माण केली आहे. काहीच फरक पडला नाही, तर तशीच गळती आधीपासून आहे किंवा क्रॅंककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांचे, म्हणजे ब्रीदर होजचे, जाळे कुठेतरी तुंबले वा उघडे पडले आहे. हे जाळे या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला, हात जेमतेम जाईल अशा जागी आहे. खाली इंजिनाची धग, आत ऑइलची वाफ. वीस वर्षांत तिथले रबर एकतर कडक होऊन तडकते किंवा ऑइलने फुगून चामड्यासारखे मऊ पडते. यात वयाचा आणि उष्णतेचा भाग आहे. कुठल्याही टर्बो गाडीत तेच होईल.

कोल्हापूरहून आलेली एक अशीच आरएस मला चांगली आठवते. मालकांनी दुसरीकडे टर्बो बदलून घेतला होता, मग मॅफ, मग स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या चारही कॉइल, आणि गाडी पहिल्या दिवशी अडखळत होती तशीच अडखळत होती. ग्रुप ०३२ चा पहिला आकडा अधिक नऊ. वरून टॉर्च मारून पाहिले, तर मॅनिफोल्डखालची प्रत्येक होज शाबूत दिसत होती. ज्यांनी आधी पाहिले त्यांनाही ती शाबूतच दिसली असणार. मी हात आत घालून नुसत्या स्पर्शाने होजच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवत गेलो. ब्रीदर होजच्या वळणाखाली बोटाला ऑइलचा ओलावा लागला, आणि अंगठ्याने होज दाबताच माझ्या बोटाचे टोक आत गेले. वळणाच्या आतल्या अंगाला जवळपास दोन इंच लांबीची चीर होती, ती स्वतःच्या ताणाने मिटून राहत असे आणि इंजिनाने ओढ घेतली की उघडत असे. होज बदलली, तिच्याजवळचा कडक झालेला एकमार्गी व्हॉल्व्ह बदलला, आकडा अधिक एकवर आला. काढलेली होज मी त्या मालकांच्या हातात दिली. ते बराच वेळ तिची चीर उघडून मिटवून पाहत होते. त्या होजची किंमत त्यांनी आधी घातलेल्या पैशांपुढे नगण्य होती, आणि हे मला आजही बोचते, कारण पहिल्याच दिवशी कोणीतरी हात खाली घातला असता तर पुढचा सगळा खर्च वाचला असता.

डोळ्यांना आणि बोटांना काही सापडले नाही, तर दाबाची परीक्षा करावी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी पाइपची एंड कॅप मिळते. टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडात घट्ट बसेल अशा मापाची घ्या, तिला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, मॅफच्या पुढे ती नळीत घालून जुबली क्लिपने आवळा, आणि कॉम्प्रेसरने हवा भरा. दहा पीएसआयच्या पुढे जाऊ नका. क्रॅंककेसला जाणारी ब्रीदर होज आधी चिमट्याने दाबून बंद करा, नाहीतर हा दाब इंजिनाच्या आत जाऊन ऑइल सील ढकलतो. एंड कॅपसमोर तोंड धरून उभे राहू नका. ती सुटली तर गोळीसारखी येते. आजूबाजूचे पंखे, रेडिओ बंद करून कान द्या आणि साबणाचे पाणी शिंपडत जा: इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे जोड, थ्रॉटलजवळची नळी, इंजेक्टरच्या मुळाशी असलेल्या रबरी रिंगा, ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी आणि तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह. इंटरकूलरचा खालचा जोड गाडी उचलून, चाकाच्या आतले प्लास्टिकचे अस्तर काढूनच दिसतो. ते काढण्याचा कंटाळा करू नये. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर आणि पावसाळी खड्ड्यांत बंपरचा तोच कोपरा आपटतो, आणि इंटरकूलरची प्लास्टिकची टाकी तिथे तडकते.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह तपासायला दोन मिनिटे लागतात. एक्सलेटर सोडल्यावर साठलेला दाब तो पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला, तर दाब चढत असतानाच हवा मागे फिरत राहते, आणि गिअर बदलल्यावर गाडी आणखी जास्त दम खाते. व्हॉल्व्ह काढून आतली दट्ट्यासारखी तबकडी बोटाने वर दाबा, निर्वाताच्या बारीक नळीचे तोंड अंगठ्याने बंद करा आणि तबकडी सोडा. ती वरच अडकून राहिली पाहिजे. सावकाश खाली आली, तर पडदा गेला.

एन७५ हा छोटा विद्युत व्हॉल्व्ह वेस्टगेटला किती दाब पोचवायचा ते ठरवतो. त्याचा प्लग काढून गाडी चालवली, तर टर्बो फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या जोरावर, म्हणजे बराच कमी दाब देतो. ताकद कमी झाल्याचे जाणवेलच, आणि एक कोडही येईल, तो नंतर पुसता येतो. त्या कमी दाबावर अडखळा पूर्ण नाहीसा झाला, तर दोन शक्यता उरतात: दाबाचे नियंत्रण बिघडले आहे, किंवा वाढत्या दाबापुढे स्पार्क टिकत नाही. वेस्टगेटचा दांडा हाताने किंवा हातपंपाने हलवून पाहावा. तो अडखळत सरकत असेल, तर गंजलेली बिजागरी साफ करण्याने काम भागते. दांड्याची लांबी मात्र कोणाच्या सांगण्यावरून कमी-जास्त करू नये. तसे करून दाब वाढल्यासारखा वाटतो आणि मूळ दोष दडून राहतो.

स्पार्कबद्दल थोडक्यात. प्लग नवे आहेत म्हणजे ते बरोबर आहेत असे नाही. दाब वाढला की दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला अधिक विद्युतदाब लागतो. प्लगची गॅप मोठी असेल तर अडीच-तीन हजारावर ठिणगी विझते. या इंजिनात मी ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतो, आणि प्रत्येक प्लग खोक्यातून काढल्यावर गॅपमापकाने मोजतो. चार प्लगवरच्या चार कॉइलपैकी एखादी उष्णतेने कमकुवत झाली असेल, तर ग्रुप ०१५ आणि ०१६ मध्ये कोणत्या सिलिंडरमध्ये मिसिंग (मिश्रण न पेटणे) होते ते मोजले जाते. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बदलून बसवा; मिसिंग तिच्या मागोमाग गेले, तर कॉइलच दोषी.

पेट्रोलचा दाब गेज लावून पाहावा. आयडलवर सुमारे अडीच बार, आणि रेग्युलेटरची निर्वाताची नळी काढल्यावर तीन बार. ती नळी काढल्यावर आतून पेट्रोलचा थेंब किंवा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, आणि तिथून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जाते आहे. पूर्ण भारावर दाब पडत असेल तर पंप किंवा फिल्टर. हे करताना पेट्रोलच्या रबरी नळ्याही वाकवून पाहा. इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या नळ्यांना वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, आणि अशी नळी गाडीत राहू देणे धोक्याचे आहे. अडखळा इंजिन थंड असतानाच जास्त असेल, तर कूलंट तापमानाचा सेन्सर बदलावा. तो स्वस्त आहे आणि या इंजिनात सर्रास बिघडतो. आपले लक्षण तापलेल्या इंजिनाचे आहे, म्हणून आपल्याकडे तो कारण असण्याची शक्यता कमी वाटते. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल, तर मात्र मला जरूर कळवा. एक दात चुकला तरी इंजिन खालच्या आरपीएमवर निर्जीव होते, आणि बाहेरून त्याचे लक्षण टर्बो गेल्यासारखेच दिसते.

एवढे सगळे करून मागितलेला आणि मिळालेला दाब जुळत नसेल, तेव्हा टर्बो पाहायचा. आणि पाहायचा म्हणजे खोलायचा नव्हे. तोंडाशी असलेली रबरी नळी काढून पंख्याच्या दांड्याला बोटांत धरा. बाजूला किंचित हालचाल चालते, कारण ऑइलच्या थराशिवाय तो सैल असतोच. पण दांडा आत-बाहेर सरकता कामा नये, आणि पात्यांची टोके टर्बोच्या आवरणाला घासल्याच्या चकचकीत खुणा असता कामा नयेत. इंटरकूलरच्या नळ्यांत ऑइलचा पातळ लेप असतोच. नळी तिरपी केल्यावर ऑइल वाहत बाहेर आले तर काळजी करावी. उतारावर एक्सलेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना निळा धूर दिसणे, हेही टर्बोच्या सीलविरुद्ध एक साक्ष आहे. आणि शेवटी टर्बो बदलावाच लागला, तर त्याला ऑइल पुरवणारी बारीक धातूची नळी त्याच वेळी बदलून घ्या. ती एक्झॉस्टच्या धगीत असते, आत जळालेल्या ऑइलचा कोळसा साठून ती अरुंद होते, आणि जुन्या नळीवर बसवलेला नवा टर्बो ऑइलवाचून लवकर जातो. पहिला टर्बो त्याच नळीने घालवला असण्याची शक्यताही असते.

आपल्या गाडीत मी याच क्रमाने जाईन: ऑइलचे झाकण, मॅनिफोल्डखालच्या होज बोटांनी, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, मग दाबाची परीक्षा. एका सकाळचे काम आहे. होज बदलताना जुन्या एकदाच वापरायच्या, चिमटून बसवलेल्या क्लिपा पुन्हा लावू नयेत. काम झाल्यावर बॅटरी चांगली चार्ज असताना थ्रॉटलचे अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे ईसीयूला थ्रॉटलच्या स्थिती नव्याने शिकवणे, करून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बेसिक सेटिंगमध्ये ग्रुप ०६०, केबलचा असेल तर ०९८. त्यानंतर कोड पुसा आणि आयडल, गावातली वाहतूक, हायवे असे मिळून दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, कारण ईसीयूला आकडे नव्याने शिकायला वेळ लागतो. मग इंजिन तापलेले असताना ग्रुप ०३२ चे दोन्ही आकडे, चावीवरचा हवेचा दाब आणि त्याच चढावरची ग्रुप ११५ ची नवी नोंद मला पाठवा. पहिला आकडा दोनच्या आत आला असेल आणि अडखळा तरीही उरला असेल, तर पुढचा शोध स्पार्कपासून सुरू करू.